महू रोडवरचे रविवार

राजेंद्रनगरहून महूकडे गाडी वळली की आपल्या लोकांच्या मनात ठरलेली ठिकाणं येतात. पावसाळा असेल तर पाताळपाणी, जानापाव, चोरल. नसेल तर पिथमपूरची नोकरी. मागच्या हिवाळ्यात मी आणि बाबा दर रविवारी सकाळी साडेसहाला या रस्त्यावर असायचो आणि यातल्या कुठेच जात नव्हतो. शेजारच्या काकूंनी दोन-तीन रविवार गॅलरीतून पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "काय रे, कुठल्या देवाचा नवस आहे का?"

"नाही काकू, पिस्तूल चालवायला जातो."

काकू हसल्या. मग मी हसत नाही म्हटल्यावर त्यांनी आईला फोन केला.

आमचं घराणं शिक्षकांचं आणि कारकुनांचं. बाबा एकटे कारखान्यात गेले, तेही टूलरूममध्ये. घरात शस्त्र म्हणजे विळी आणि नारळाचा कोयता. मी इथल्याच कॉलेजातून बीई झालो, सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात कोड लिहितो, आणि तीन वर्षांपूर्वी पाठदुखीवर इलाज म्हणून पोहायला जायच्या ऐवजी एका मित्रामागे एअर पिस्तुलाच्या हॉलमध्ये गेलो. दहा मीटरवर कागद, त्यात कोथिंबिरीच्या दाण्याएवढे छर्रे. दोन महिन्यांत पाठ विसरलो. पुढची पायरी म्हणजे 25 मीटर आणि पॉइंट टू-टूचं खरं काडतूस. त्यासाठी शहराबाहेर जावं लागतं.

राऊचं सर्कल ओलांडलं की हवा बदलते. पिगडंबर, उमरिया, मग किशनगंज. डिसेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू गुडघ्याखाली असतो, मधेमधे बटाट्याचे आणि लसणाचे वाफे, आणि काळ्या मातीवर धुकं असं बसलेलं असतं की विजेचे खांब कमरेपासून वरच दिसतात. लष्कराचे ट्रक दिवे लावून रांगेत जातात. किशनगंज आलं की बाबांचा इतिहासाचा तास सुरू व्हायचा, दर आठवड्याला तोच: 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांची फौज हरली, 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर इंग्रजांनी इथे छावणी टाकली. "आपण हरलो म्हणून महू आहे," हे त्यांचं शेवटचं वाक्य. मग मी ठरल्याप्रमाणे म्हणायचो, "आणि महू आहे म्हणून भीमराव आंबेडकर इथे जन्मले." यावर त्यांचं समाधान व्हायचं.

नेमबाजी करणाऱ्यांसाठी महूचं आणखी एक महत्त्व आहे. सैन्याचं मार्क्समनशिप युनिट 1993 पासून इथे आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार तिथे तयार झाले. ते पदक मिळालं तेही याच बारक्या पॉइंट टू-टूच्या काडतुसावर. आणि आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, तेही याच काडतुसावर. आम्ही मात्र त्या छावणीत जात नसू. आमचा क्लब अलीकडेच, डाव्या हाताच्या कच्च्या रस्त्याने दीड किलोमीटर आत. पत्र्याची शेड, तिच्यासमोर 25 मीटरवर लक्ष्यांच्या चौकटी, चौकटींमागे दोन मजली घराएवढा मातीचा बांध. बांधावर बाभळी उगवल्या आहेत आणि पहिल्या आवाजाला त्यांच्यावरचे पोपट उडतात. दुसऱ्या आवाजाला उडत नाहीत.

दिवाळीनंतर क्लबात नवं पिस्तूल आलं. जर्मन बनावटीचं, मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, पाच गोळ्यांचं. पेटी उघडली तेव्हा नव्या शिलाई मशीनला येतो तसा तेलाचा वास आला. ते तिघांनी वापरायचं असं ठरलं: मी, एक बँकेतल्या बाई आणि अकरावीतला एक मुलगा. इथे तरुण वाचकांसाठी सांगायला हवं की असलं पिस्तूल बाजारातून आणून कपाटात ठेवता येत नाही. परवाना लागतो, तो सहज मिळत नाही, म्हणून आमच्यासारखे लोक क्लबाचं हत्यार क्लबातच वापरतात. सकाळी वहीत सही करून घ्यायचं, जाताना सही करून परत करायचं. काडतुसंही मोजून, माणशी 50.

आमचे शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, मूळचे गढवालचे. सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही उस्तादच म्हणतो. त्यांनी पहिल्या रविवारी मला एकही गोळी दिली नाही. "पहले हाथ मिलाइए," म्हणाले. म्हणजे पिस्तुलाशी.

त्या दिवशी जे केलं ते बाहेरून पाहणाऱ्याला सुतारकाम वाटलं असतं. अशा पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती एका तळव्याच्या मापाने कोरून घ्यायची असते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी मागच्या खाचेत जितकी वर बसेल तितकी बसवायची. ट्रिगरवरच्या बोटाने लाकडाला शिवायचं नाही, नाहीतर ट्रिगर दाबताना पिस्तूलच ढकललं जातं. क्लबाकडे मुठी दोन होत्या, एक माझ्या वाट्याला आली. तळव्याच्या पोकळीत ती सैल होती. उस्तादांनी एम-सीलची गोळी मळून तिथे लावली, वर प्लास्टिक चिकटवलं आणि मला पकडायला सांगितलं. तासाभराने ती कडक झाली तेव्हा माझ्या हातावरच्या रेषा तिच्यात उमटल्या होत्या. मग कानस आणि पॉलिश पेपर.

नंतर परीक्षा. डोळे मिटून हात वर करायचा, डोळे उघडायचे. पुढची साइट म्हणजे नळीच्या टोकावरचा काळा चौकोनी खुंट, मागची साइट म्हणजे चौकोनी खाच. डोळे उघडल्यावर खुंट खाचेच्या बरोबर मध्ये दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. माझा डावीकडे चिकटलेला दिसायचा. पुन्हा कानस. हे वीस-पंचवीस वेळा. ट्रिगर ओढून पाहायचा मोह व्हायचा, पण रिकाम्या पिस्तुलाचा घोडा पाडायला उस्तादांनी बंदी केली होती. कारण या काडतुसाच्या नावातच आहे. रिमफायरमध्ये पेटणारी दारू काडतुसाच्या बुडाशी, दुमडलेल्या कडेत भरलेली असते आणि पिन त्या कडेवर आपटते. काडतूस नसेल तर ती नळीच्या पोलादी काठावर आपटते आणि दोघांचंही नुकसान होतं.

बाबा हे सगळं मागच्या बाकावरून पाहत होते. त्यांना मी आणलं नव्हतं, आईने पाठवलं होतं. "घरात बसून टीव्हीशी भांडतात, घेऊन जा." पण एम-सीलचं काम सुरू झालं तसे ते उठून जवळ आले आणि कानस कोणत्या नंबरची आहे ते बघून गेले.

त्यांच्या हातांबद्दल सांगायला हवं. बाबा 30 वर्षं टूलरूममध्ये होते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलणारे. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी अचानक स्टोअरचं काम मागून घेतलं. घरी म्हणाले, पाय दुखतात. खरं म्हणजे हात थरथरायला लागले होते आणि मायक्रोमीटर हातात स्थिर राहत नव्हता. हे आम्हाला कळायला वर्ष गेलं, तेही एका लग्नात वाटीतली कढी सदऱ्यावर सांडली म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन नाही, इसेन्शियल ट्रेमर आहे. हात काम करायला उचलला की थरथरतो, मांडीवर टेकवला की शांत. प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या दिल्या. त्यांनी थोडा फरक पडला.

या गोळ्यांची एक गंमत मला स्पर्धेचा फॉर्म भरताना कळली. नेमबाजीत त्या निषिद्ध आहेत. त्या हृदयाची धडधड आणि हाताचा कंप कमी करतात, म्हणून. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं याच औषधासाठी काढून घेतली गेली. मी हे वाचून दाखवल्यावर बाबा इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "म्हणजे मी रोज सकाळी चहाबरोबर डोप घेतो!"

मी फार हसलो नव्हतो. हा कंप बऱ्याचदा घराण्यात चालतो, आणि ज्या घराण्यात चालतो तिथे मुलाकडे येण्याची शक्यता निम्म्याला निम्मी धरतात. ऑक्टोबरात एकदा दुकानात पैसे देताना फोनच्या चौकटीत तो काळा-पांढरा चौकोन काही केल्या बसेना. आधी वाटलं दुकानदाराने कागद वाकडा लावलाय. नंतर लॅपटॉपचा बारका स्क्रू बसवताना तेच. डॉक्टर म्हणाले, कॉफी कमी करा, सहा महिन्यांनी दाखवा. घरी कोणालाच बोललो नव्हतो.

दुसऱ्या रविवारी गोळ्या मिळाल्या.

साइट जुळवणं म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सिनेमात ते कधी दाखवत नाहीत. 25 मीटरच्या लक्ष्यावर मधला काळा गोल 200 मिलिमीटरचा असतो, त्यातलं दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं. आपण मात्र काळ्या गोलावर नेम धरत नाही. काळ्यावर काळा खुंट धरला तर दोन्ही एकमेकांत हरवतात. म्हणून गोलाच्या खाली, पांढऱ्या कागदावर नेम धरायचा आणि मागची साइट अशी बसवायची की गोळी त्या जागेपासून बरोबर मोजून वर, दहावर जावी. नजर खुंटावर ठेवायची, लक्ष्य धुरकट दिसलं तरी चालेल. पण खाली किती पांढरं सोडायचं हे ज्याचं त्याचं असतं, मुठीची पकड ज्याची त्याची असते, आणि म्हणून एकाने जुळवलेलं पिस्तूल दुसऱ्याला लागू पडत नाही.

आणि हात कोणाचाच स्थिर नसतो. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा शोध होता. राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजाचाही खुंट नेमाच्या जागेत फिरत असतो, फक्त त्याचं फिरणं लहान. नवशिका काय करतो, तर खुंट मधोमध आला की घाईने ट्रिगर ओढतो आणि त्या झटक्याने गोळी सातवर जाते. उस्ताद सांगतात, फिरू दे. ट्रिगरवर एकसारखा दाब वाढवत राहा. या प्रकारात ट्रिगरला किमान एक किलोचा ताण लागतो, स्पर्धेआधी वजन टांगून तो तपासतात, एअर पिस्तुलाच्या दुप्पट. मला एअर पिस्तुलाची सवय, त्यामुळे पहिल्या पाच गोळ्यांत प्रत्येक वेळी वाटलं की ट्रिगर अडकलाय.

पाच गोळ्या झाल्या. बाबा स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. "सगळ्या वर आहेत. काळ्याच्या वरच्या काठाला. दहा सेंटिमीटर धर. आणि किंचित डावीकडे."

ग्रुप पसरट होता, पण जागा स्पष्ट होती. आता साइटचा स्क्रू. त्याच्यावर बाण आणि अक्षर: एका बाजूला एच, दुसऱ्या बाजूला टी. एच म्हणजे हाय, हे उघड. टी म्हणजे काय? टॉप? मग दोन्हीकडे वरच जायचं का? मी फार विचार केला नाही. गोळी खाली आणायची आहे, म्हणजे हायच्या उलट. टीकडे सहा क्लिक फिरवले. पाच गोळ्या.

"वर गेल्या," बाबा म्हणाले.

माझाच हात असेल. आणखी सहा क्लिक टीकडे. पाच गोळ्या.

"अरे, काळ्याच्या बाहेर गेल्या. पांढऱ्यात. वर चाललंय सगळं."

उस्ताद दुसऱ्या टोकाला त्या अकरावीतल्या मुलाजवळ होते. माझ्या कानांवर मफ, कपाळावर थंडीत घाम. ऑफिसात एखादा बग सापडत नसेल तर ज्युनियरला मी जे करू नको म्हणून सांगतो तेच मी करत होतो: कळत नसताना आणखी जोरात तेच. स्क्रू पुन्हा धरला तेव्हा बाबा मागून म्हणाले, "थांब. पिस्तूल खाली ठेव."

मी मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं दाखवलं, नारिंगी सेफ्टी फ्लॅग घातला आणि ठेवलं. बाबा वाकून साइट बघत होते, हात पाठीमागे बांधून. टूलरूममध्ये दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नसतो, ती सवय.

"जर्मन आहे ना? आमच्या जिग बोअरिंगवर खोलीच्या पट्टीला हाच टी होता. टीफ. टीफ म्हणजे खोल. म्हणजे टी म्हणजे खाली."

"मग बरोबरच आहे की. मी खालीच फिरवतोय."

"आणि गोळी वर जाते." ते थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे तू कुठे जायचं ते लिहिलेलं नाही. गोळी कुठे लागली ते लिहिलंय. गोळी खोल लागली तर टीकडे फिरव. वर लागली तर एचकडे. तू खाली लागलेल्याचं औषध वर लागलेल्याला देतोयस."

मला ते पटायला मिनिटभर लागला. पण बाबांनी पटवायचा प्रयत्नच केला नाही. म्हणाले, "वाद नको, बारा क्लिक परत घे आणि पाच मार. पहिल्या जागी यायला पाहिजे." आल्या. काळ्याच्या वरच्या काठाला, किंचित डावीकडे. "म्हणजे सहा क्लिकला सहा सेंटिमीटर, क्लिकला एक. आता आणखी दहा, एचकडे. बाजूचे दोन."

मी नंतर घरी हिशेब केला. दोन साइट्समधलं अंतर नियमाने जास्तीत जास्त 220 मिलिमीटर. तेवढं धरलं तर मागची साइट मिलिमीटरच्या दहाव्या भागाने हलली की 25 मीटरवर गोळी 11 मिलिमीटर सरकते. बाबांनी हे कागदाशिवाय केलं होतं. उलटे फिरवलेले बारा आणि पुढचे दहा, मिळून बावीस क्लिक. शेवटच्या पाच गोळ्यांत एक दहा, दोन नऊ, एक आठ, आणि एक सात, ती माझी घाई.

उस्ताद आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी, आप वही लिखोगे?" वही ही जबाबदारीची गोष्ट होती. तिघं एकच पिस्तूल वापरणार, तर प्रत्येकाचे क्लिक मूळ जागेपासून किती, ते लिहून ठेवायला हवं. बाबा म्हणाले, माझं अक्षर वाचता येणार नाही. उस्ताद म्हणाले, डॉक्टर का तो हम पढ़ लेते हैं.

पहिल्या पानावर बाबांनी लिहिलं: "एच – गोळी वर लागली तर इकडे. टी – गोळी खाली लागली तर इकडे." एवढं लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. अक्षर भूकंपाच्या आलेखासारखं, पण वाचता येतं. त्याखाली तीन रकाने.

पुढचे पाच-सहा रविवार फारसं सांगण्यासारखं नाही. कुठली काडतुसं या नळीला आवडतात ते शोधलं. एकाच नंबरची काडतुसं वेगवेगळ्या कारखान्यांची घेतली तर ग्रुप लहानमोठा होतो, हे खरं आहे. नळी गरम आणि थंड असताना फरक पडतो का यावर बँकेतल्या बाईंचा आणि माझा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. हात थकला की ग्रुप खाली येतो, हे मात्र तिघांनाही मान्य. त्या बाई आमच्यात सगळ्यात चांगल्या, त्यांचा रकाना सगळ्यात लवकर स्थिर झाला. अकरावीतला मुलगा दर आठवड्याला क्लिक बदलायचा आणि बाबा दर आठवड्याला त्याला कारण विचारायचे.

जानेवारीच्या शेवटी उस्तादांनी सभासदांची यादी वाचली आणि त्यात बाबांचं नाव होतं. त्यांनी महिन्यापूर्वी फी भरली होती, फोटो आणि आधार कार्डाची प्रत देऊन, रीतसर. मला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते बांधावरचे पोपट पाहत होते.

उस्तादांनी टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या. हत्यार स्वतः कसं आहे हे पाहायचं तर माणसाचा हात त्यातून काढावा लागतो, म्हणून पिशवीवर टेकवून मारायची पद्धत आहेच. बाबा खुर्चीवर बसले. पिस्तूल उचलताना हात थरथरला, इतका की सेफ्टी फ्लॅगची पट्टी वाऱ्यातल्यासारखी हलत होती. मनगट वाळूवर टेकलं. हात थांबला.

त्यांनी वेळ घेतला. एकेका गोळीनंतर डोळा मिटून बसायचे. माझ्या पन्नास गोळ्या जेवढ्या वेळात होतात तेवढ्यात त्यांच्या पाच झाल्या. या वेळी दुर्बिणीला मी होतो.

मोसंबीएवढा ग्रुप. पाचही त्यात. माझ्या कुठल्याही ग्रुपपेक्षा लहान. फक्त सगळा सात सेंटिमीटर खाली.

"खाली आहे," मी म्हटलं. "पण एकत्र."

"साइट बिघडली?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

उस्ताद म्हणाले, पिशवीवर पिस्तूल वेगळं उसळतं, उभ्याने हातात वेगळं. ये ज़ीरो बेटे का है, आपका अलग होगा. बाबांनी वही ओढली आणि चौथा रकाना आखला. पट्टी न घेता, त्यामुळे तो नागमोडी आला. त्यात लिहिलं: "माझ्या मुलाच्या आकड्यापासून टीकडे 7."

परतताना राऊला थांबलो. पोहे, वर शेव आणि जिरावण, बाजूला जिलबी. चहा सांगताना मी सवयीने म्हटलं, "दो, आधा-आधा कप." बाबांचा कप नेहमी अर्धाच सांगावा लागतो.

दुकानदार गेल्यावर बाबा म्हणाले, "माझं ठीक आहे. तू कधीपासून अर्धा घेतोस?"

मी पोह्यांतले शेंगदाणे वेगळे करत राहिलो.

"ऑक्टोबरपासून," तेच म्हणाले. "आधी मला वाटलं साखर कमी करतोयस. मग वाळूच्या पिशवीशिवाय तुझा हात रोज बघतोय दुर्बिणीच्या बाजूने. उजवाच आहे ना? माझाही उजव्यापासून."

मी डॉक्टरांचं सांगितलं. कॉफीचं, सहा महिन्यांचं. गोळ्या घेतल्या तर स्पर्धा संपेल, हेही सांगितलं. ते म्हणाले, गोळ्या अजून लांब आहेत. आणि मग म्हणाले, "मी दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. त्या दोन वर्षांत चार डाय माझ्या मापामुळे भंगारात गेल्या. दुसऱ्या एकाच्या नावावर टाकल्या गेल्या त्या." हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. ते कोण होते, मी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. आमच्या घरी गणपतीला यायचे ते काका.

आईला त्याच दिवशी सांगितलं. तिने आधी कॉफीचा डबा लपवला.

फेब्रुवारीत गहू कमरेएवढा झाला आणि धुकं साडेसहालाच विरायला लागलं. माझा ग्रुप फार लहान झालेला नाही. खुंट फिरतो, कधी जास्त, कधी कमी, आणि मी ट्रिगरवर दाब वाढवत राहतो. मागच्या रविवारी मी पिस्तूल घ्यायला गेलो तर आधी कोणीतरी साइट फिरवून ठेवलेली. अकरावीतला मुलगा धावत आला, "अंकल, वही कुठाय? आज माझे क्लिक किती होते?"

बाबांनी चष्मा लावला, वही मांडीवर टेकवली आणि रकान्यावर बोट ठेवलं. "आधी मला सांग, मागच्या वेळी का बदलले होतेस?"